अहोंची पेनल्टी

परदेशातल्या त्या गावात चेंडू घरंगळत मैदानाकडेच्या बाकाखाली आला, तेव्हा काका दोन पिशव्या, एक छत्री आणि बायकोची पर्स सांभाळत बसले होते. काकू समोरच्या दुकानात फ्रिजला चिकटवायची चित्रं निवडत होत्या. बस सहाला इथूनच थेट विमानतळावर निघणार होती. टूर मॅनेजर सकाळपासून बजावत होता, "काका, बस कुणासाठी थांबणार नाही." त्याच्या लेखी बसमधले झाडून सगळे पुरुष काका होते. त्याआधी ऑफिसात ते साहेब होते, आणि घरी अहो. नाव होतं, नाही असं नाही. पण ते पासपोर्टवर होतं, आणि पासपोर्ट पर्समध्ये.

काकांनी चेंडू पायाने परत ढकलला. तो सरळ गेला. इथेच घोटाळा झाला.

मैदानात खेळणाऱ्या, पिठाने माखलेल्या एका बेकरीवाल्याने काकांच्या पायांकडे निरखून पाहिलं. खास टूरसाठी घेतलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. असे बूट घालणारा माणूस खेळाडूच असणार, असा त्याचा प्रामाणिक समज झाला. त्यांच्यात एक गडी कमी होता. त्याने हाताने बोलावलं.

काकांनी पिशव्या बाकावर ठेवल्या, वर छत्री ठेवली, पर्स गळ्यात तिरकी अडकवली आणि मैदानात उतरले.

बेकरीवाल्याने छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं. काकांना त्यातला शेवटचा र तेवढा कळला. मग त्याने काकांकडे बोट केलं. काका तोंड उघडणार, इतक्यात दुकानाच्या दारातून हाक आली, "अहो!"

"ओ," काका म्हणाले आणि सवयीने हात वर केला.

"आहो," बेकरीवाल्याने मान डोलावली आणि बाकीच्यांनाही सांगून टाकलं.

त्यानंतर काकांना उसंत अशी मिळाली नाही. "आहो!" म्हणून त्यांच्यातल्या पोस्टमनने चेंडू दिला. काकांनी तो घाबरून बेकरीवाल्याला दिला, आणि गोल झाला. समोरच्यांनी तो लगेच फेडला. "आहो!" डावीकडून. "आहो!" मागून. काका धावत होते, पर्स पोटावर ढोल वाजवत होती. एकदा चेंडू हुकला आणि बूट उडाला. बूट गोलात गेला. तो गोल धरायचा की नाही, यावर थोडा मतभेद झाला.

काकू मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय चाललंय?"

"खेळतोय."

"आणि गुडघा?"

"तोही खेळतोय."

"माझी पर्स आहे ती."

"म्हणून तर सोडली नाही."

तेवढ्यात बसच्या दारात उभ्या मॅनेजरने माणसं गोळा करायची शिट्टी फुंकली. इकडचे तिकडचे काका-काकू लगबगीने बसकडे निघाले. मैदानातला खेळ मात्र जागच्या जागी थांबला. शिट्टी वाजली म्हणजे फाऊल झाला असणार. तो कुणी केला, यावर जोरात चर्चा झाली. शेवटी समोरच्या बाजूच्या एका शिंप्याने बराच विचार करून कबूल केलं, की मघाशी चेंडूला आपला हात लागला होता खरा.

पेनल्टी. गोल दोन्हीकडे सारखेच झाले होते. बेकरीवाल्याने चेंडू उचलला, शर्टाला पुसला आणि पाहुण्याच्या पायाशी ठेवला. गोलात एक धिप्पाड गवंडी हात पसरून उभा राहिला. त्याच्या मागे गोल आहे हे लक्षात ठेवावं लागत होतं.

"अहो, बस सुटतेय," काकू ओरडल्या.

"आहो! आहो! आहो!" सगळी टीम टाळ्यांवर ओरडत होती.

"अहो, विमान आहे आज."

"आहो! आहो!"

काका दोन्हीकडे मान डोलावत होते. इतकी वर्षं ज्या हाकेवर फक्त काकूंचा हक्क होता, ती आता मैदानभर कुणीही वापरत होतं, आणि काकूंची स्वतःची हाक त्या गलक्यात बुडून गेली होती. बसचं इंजिन सुरू झालं. काका चार पावलं मागे गेले.

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी जवळपास नव्हतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि नवऱ्याला नावाने हाक मारली. नुसत्या नावाने. एकेरी.

काका तोवर धावत चेंडूपर्यंत पोचले होते. हाक कानात शिरली आणि मान काकूंकडे वळली. गवंड्याने जोरदार फटक्याच्या हिशेबाने उजवीकडे झेप घेतली होती. चेंडू बुटाच्या टोकाला नुसता शिवला आणि डावीकडे निघाला. जेवण झाल्यावर शतपावलीला निघावा तसा. गवंडी आडवा पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत राहिला. चेंडू रेषेपलीकडे गेला आणि थांबला.

काका हवेत गेले, पर्ससकट. काकूंनी पर्सचा पट्टा धरून त्यांना खाली ओढलं, बाकावरच्या पिशव्या आणि छत्री त्यांच्या हातात कोंबली आणि दोघं बसकडे पळत सुटले.

"मघाशी काय म्हणालीस?" काकांनी धापा टाकत विचारलं.

"बस सुटतेय म्हणाले."

"त्यानंतर."

"त्यानंतर काही नाही. पळा आता."

"काहीतरी म्हणालीस."

"तुम्हाला भास झाला असेल. उन्हात खेळलात."

ऊन कधीच उतरलं होतं. मॅनेजरने दोघांना आत ढकललं आणि दार लावलं. बस हलली, तेव्हा बेकरीवाला, पोस्टमन, शिंपी, गवंडी, सगळे कुंपणापाशी धावत आले आणि एका सुरात ओरडले. उच्चार एव्हाना घोटून पक्का झाला होता.

"अहो!"

बसमधल्या एकूण एक नवऱ्याने चमकून खिडकीबाहेर पाहिलं. दोघांनी तर "ओ" सुद्धा दिली.

काकांनी तेवढं वळून पाहिलं नाही. ते काकूंकडे कान करून बसले होते.