हलकं काम

सुतारकामाच्या पेटीत बॅटरीवर चालणारे, स्क्रू पिळायचे दोन इम्पॅक्ट ड्रायव्हर होते. मोठ्या मशीनला सासरे कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. लहान मशीन मात्र रोज सुनेच्या हातात. "कपाटांच्या बिजागऱ्या तू बसव. हलकं काम आहे."

आज लाकडी जिना बसवायचा होता. तिने कंबर कसली. "बाबा, आज मोठं मशीन मी घेणार. मी काही काचेची बाहुली नाही."

त्यांनी मशीन तिच्या हातात दिलं. पहिल्याच लांब स्क्रूला तिचं मनगट पिरगळलं. दुसऱ्याला तिने पाय रोवले, दोन्ही हातांनी दाबलं, आणि मग अख्खा जिना बसवूनच उठली. "झेपलं की नाही?" असं विचारायला ती तरातरा स्वयंपाकघरात गेली.

सासरे लहान मशीन घेऊन कपाटापुढे बसले होते. कोऱ्या करकरीत दारावर बिजागरीपाशी ओरखडेच ओरखडे. तिच्यादेखत मशीनचं टोक पुन्हा स्क्रूवरून घसरलं.

"मोठ्याला नुसता जोर लागतो गं," ते मान वर न करता म्हणाले. "तेवढा अजून आहे माझ्यात."

तिने त्यांच्या हातातून लहान मशीन घेतलं.

"आजपासून दोन्ही मशीनं माझ्याकडे. तुम्ही फक्त दार धरा."

त्यांनी दार धरलं. त्यांच्या हातात दार थरथरायला लागलं. तिने दाराला खांदा लावला आणि स्क्रू सरळ आत बसवला.