सातवं माणिक

संग्रहालयात रुजू झाले त्याच दिवशी आमचे प्रमुख, व्यंकटराव सर, यांनी माझा पासवर्ड कागदावर लिहून घेतला. "तुम्ही रजेवर गेलात तर काम अडायला नको."

काल जुने फोटो नव्या हार्ड डिस्कवर टाकताना मी थबकले. फोटोतल्या खंजिराच्या मुठीवर सात माणकं होती. दालनात जाऊन पाहिलं, तर काचेच्या कपाटातल्या खंजिरावर सहाच. सरांना सांगितलं, तसा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कोणाला बोललात का हे?"

"नाही सर."

"मग बोलू नका. उद्या दोघं मिळून मोजू."

चिकलठाण्याची बस मला दहाला सोडते. आज पोचले तेव्हा सर माझ्या टेबलापाशी उभेच होते. आम्ही खंजीर पाहिला, माणकं सहा. मग फोटो उघडला. त्यातही सहाच.

"मोजण्यात चूक झाली बाई तुमची," सर हसले. "लई काम पडतंय तुम्हाला."

ते गेल्यावर मी त्या फाईलची नोंद उघडली. शेवटचा बदल आज सकाळी सव्वानऊला झाला होता. बदल करणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.