आधी विचारा

"संगणक चालूच होत नाही. सर्वात आधी काय कराल?" कॉलेजच्या लॅबप्रमुख शेट्येबाईंनी सराव परीक्षेतला प्रश्न वाचला.

"रॅम काढून खोडरबराने घासतो," दळवी म्हणाले. वीस वर्षं त्यांनी इथली यंत्रं अशीच जागी केली होती.

"चूक. सकाळपासूनची सातवी. काय झालं ते वापरणाऱ्याला विचारायचं."

"त्यांना कळत असतं तर मला कशाला बोलावलं असतं?"

"माझ्याशी भांडू नका. उद्या टेक्निशियनचं सर्टिफिकेट हुकलं तर नोकरी जाईल, खोडरबर तेवढं उरेल."

दळवी उठले, बसले, पुन्हा उठले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसातून घोलपबाईंचा फोन आला. कॉम्प्युटर बंद पडला होता. दळवींचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला, पण शेट्येबाई बघत होत्या.

"कालपासून काय बदललंय?" दळवींनी फोनवर कसंबसं विचारलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "टेबल सरकवलं होतं. अहो, वायरच निघालीय."

वीस वर्षांत उगाच चढलेले सगळे जिने दळवींना एकदम गुडघ्यांत जाणवले.

"म्हणजे आता तुम्ही येणार नाही?" घोलपबाईंचा आवाज पडला. "चहा सांगितला होता."

"येतो की. पुस्तक घेऊन येतो. पुढचे प्रश्न तुम्ही विचारा."