जित्ती माती

“जित्ती माती हाय थे, सीमा. उकयतं पानी टाकून मारू नोको,” सासरे म्हणाले होते. बाल्कनीतल्या वाटाण्यासाठी त्यांनी तेल्हाऱ्याच्या वावरातून पिशवीभर माती आणली होती.

“मामाजी, बाळ रांगतं इथं. जंतू नकोत,” म्हणत मी आधण ओतलंच.

वाटाणा उगवला आणि पिवळा पडला. उपटून पाहिला, तर मुळांवर एकही गाठ नव्हती. त्या गाठींत राहून हवेतला नत्र झाडाला भरवणारे जिवाणू मीच मारले होते.

परवा मामाजी पुन्हा आले, ते दारातच उभे राहिले. बाळ त्यांच्याकडे झेपावलं, तर त्यांनी धुतलेले हात मागे घेतले. “राहू दे, वावरातले हात हायेत.”

तुमच्या घरी कुणी आजोबा असे दारातच थांबलेत का, जरा बघा.