बघायचं, लिहायचं नाही

सेन्सर चौतीस सांगत होता आणि मेमरीत छत्तीस लिहिलेलं होतं. थोरलीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडे तेच.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना उबेत ठेवणारी काचेची पेटी तिचीच कंपनी बनवायची. पेटीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, तिने आणि तिचे सहकारी मौनीबुवा यांनी मिळून लिहिला होता. आज तसल्याच एका पेटीत, इस्पितळात, तिच्या धाकट्या बहिणीची लेक होती. जीव एवढासा, ओंजळीत मावेल असा. म्हणून तर थोरली बाकीची कामं सोडून ऑफिसातून त्या पेटीचे आकडे न्याहाळत बसली होती. मावशीच ती, राहवतंय कुठे!

बाळाच्या अंगाचं तापमान सेन्सर मोजतो आणि मेमरीत ठेवतो. तो आकडा वाचून पेटी हीटर कमीजास्त करते. मेमरीतला आकडाच खोटा असेल, तर पोर गारठत असताना पेटी आपली खुशाल बसायची.

पण आकडा बदलतंय कोण? तिने हीटरचा प्रोग्राम उलटापालटा करून पाहिला, स्क्रीनचा पाहिला, भोंग्याचा पाहिला. सगळे साळसूद. भुताटकीवर तिचा विश्वास नव्हता, पण दुपारपर्यंत तो बसायची वेळ आली.

शेवटी ज्याच्यावर कुणीच संशय घेत नाही, त्याच्याकडे ती वळली. प्रोब. चूक सापडावी म्हणून कर्नलमध्ये सोडलेला छोटासा प्रोग्राम. त्याने नुसतं बघायचं असतं. पाहुण्याने पाहुण्यासारखं बसावं, उठून आमटीत मीठ घालू नये. आणि हा पाहुणा सेन्सरचा प्रत्येक आकडा खोडून त्या जागी आपला लिहीत होता. कुंपणच शेत खात होतं.

प्रोब मौनीबुवांचा होता. इतक्या वर्षांत त्या माणसाने आवाज चढवला नव्हता की कुणाचं वाकडं चिंतलं नव्हतं. त्यांनी असं का करावं? तिने फोन लावला. बुवा रजेवर, फोन बंद. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

मुख्य प्रोग्रामातलं एक अक्षर बदलायचं तरी मंजुरीला महिने जातात. प्रोबसाठी मात्र कुणी मंजुरी विचारत नाही. थोरलीने साहेबांच्या नुसतं कानावर घातलं आणि प्रोबसाठी सगळ्या मेमरीला कुलूप ठोकलं. वाचायला मुभा, लिहायला बंदी. लिहायला गेला की कर्नल त्याला तिथेच अडवणार. थांबायला तिच्या जिवाला धीर नव्हता, म्हणून पहिल्यांदा भाचीच्याच पेटीत टाकलं.

मेमरीतला आकडा चौतीसवर आला. हीटर जोरात सुरू झाला.

तिने धाकटीला फोन करून पोरीला हात लावून बघायला सांगितलं. धाकटी हरखली होती. म्हणाली, "ताई, पेटी मस्त गरम झालीय गं. पोरीचे गाल बघ कसे लाल झालेत."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. आता आकडा हळूहळू चढत होता, पस्तीसच्या पुढे गेला होता. तिने सकाळपासूनचा पहिला चहा मागवला.

चहा येण्याआधी मौनीबुवांचाच फोन आला. प्रवासात होतो, म्हणाले. तिने पाढा वाचला. विश्वासघात, लहान लेकरांच्या जिवाशी खेळ, तोंडाला येईल ते. बुवांनी नेहमीसारखं सगळं ऐकून घेतलं. मग इतकंच विचारलं, "कुलूप कुठल्या पेटीत टाकलंत?"

"माझ्या भाचीच्या. इस्पितळात."

तिला वाटलं, आता माफी मागतील.

"मॅडम, आधी हीटर बंद करा," बुवा म्हणाले. त्यांचा चढलेला आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. "त्या खेपेचे सेन्सर दोन अंश कमी दाखवतात. मंजुरी येईना, म्हणून खरा आकडा प्रोब लिहीत होता."