नकाशाला मेण

सोलापुरात ढगाचा पत्ता नाही, आणि हा पोरगा कागदाला पाऊस लागू नये म्हणून मेणबत्त्या किसत बसलेला. तेही आईच्या खोबऱ्याच्या किसणीवर. आई, सावित्रम्मा, दारात उभी राहून बघत होती. पाणी कुठंतरी मुरतंय, हे तिनं कधीच ताडलं होतं.

चन्नवीरनं फरशीवर सह्याद्रीतला डोंगराळ मुलुख दाखवणारा नकाशा अंथरला होता. गेल्या पावसाळ्यात मित्रांबरोबर तिकडं गेला, आणि आल्यापासून बघायला नेलेल्या तिन्ही मुली नापसंत. एक नाकानं नको, एक उंचीनं नको, तिसरीकडं तर गड्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आता पुन्हा तेच डोंगर, पुन्हा तोच पाऊस.

"आधी खुणा, मग मेण," तो लाल पेन्सिल चालवत म्हणाला. "मेण बसलं की वर काय उमटत न्हाई, अव्वा. गेल्या साली शाईनं खुणा केल्या. भिजल्या आन् समद्या पसरल्या."

लाल रेघ पायथ्यापासून निघून खिंडीतून पलीकडं उतरत होती. पिण्याच्या पाण्याला टिंब, ओढ्याला आडवी रेघ. आणि पार शेवटी, कोपऱ्यातल्या एका गावाभोवती गोल. बाकीच्या खुणा घाईघाईत ओढलेल्या; हा गोल मात्र कुंकू लावावं तसा बेतानं काढलेला.

"हे काय?"

"गाव हाय."

"गावं लई हायत की. ह्यालाच गोल कशाला?"

"तितनं एस.टी. मिळती," तो खाली मान घालून म्हणाला. तोंड काहीही बोलो, ह्या पोराचे कान कधी खोटं बोलले नव्हते. ते आत्ता लालेलाल झाले होते. असेल कुणीतरी तिथली, सावित्रम्माच्या मनात आलं. एक दिवस जाईल तो तिकडचाच होईल, आणि आपण इथं भाकरी झाकून वाट बघत बसू.

निखाऱ्याची इस्त्री फिरवताना चन्नवीरनं पहिल्याच फटक्यात नकाशाची कड करपवली. तिनं त्याच्या हातातून इस्त्री काढून घेतली.

"सर बाजूला. तू आपली दोरी आणायला जा. मी करते."

"समदीकडं सारखं बसव हां. मेण न्हाई तितं पाणी शिरतं आन् कागदाचा लगदा होतो."

तो गेला. तिनं कीस पसरला, वर खाकी कागद ठेवला, अलगद इस्त्री फिरवली. मेण वितळून जिरत गेलं, कागद तेल सांडल्यासारखा दिसायला लागला. असं करत करत ती त्या गोलापाशी आली आणि थांबली. गावच पुसलं गेलं तर जाईल कुठं? आल्या वाटेनं मागं फिरेल. घरी येईल. तिनं पदरानं तिथला कीस झटकला आणि इस्त्री गोलाला वळसा घालून पुढं नेली. चोरी केली असं तिला मुळीच वाटलं नाही. आपलं ते राखायला कसली चोरी? नकाशाची घडी घालून तिनं तो टेरिलिनचा शर्ट आला होता त्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला.

तेवढ्यात राजेसाब आला. चन्नवीरचा जोडीदार, गेल्या वर्षीही बरोबर होता. तिनं त्याला चहा दिला आणि हळूच विचारलं, "काय रे, त्या शेवटच्या गावात काय हाय?"

"दवाखाना हाय की, काकू. त्या अंगाला तेवढा एकच." राजेसाबनं बशीत चहा ओतला. "चन्नूचा गुडघा फुटला तवा पाठुंगळीला मारून तितंच नेला. शाई पसरलेली, त्यात धुकं. निम्मा दिवस भटकलो. पोरगं नुसतं काकडत हुतं, आन् रगात थांबंना. उशीर झाला असता तर पाय गेला असता, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. तुमाला बोलला न्हाई व्हय?"

घरी तो 'खरचटलं' म्हणाला होता.

"डॉक्टरीण," सावित्रम्मा म्हणाली. "लगीन झालंय तिचं?"

राजेसाब बशीत बघत राहिला. "न्हाई, काकू."

म्हणजे संशय खरा होता. खरा निघाला म्हणून समाधान वाटायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं दुसरंच उभं राहिलं. कोसळता पाऊस, कुणाच्या तरी पाठीवर तिचं पोर, आणि हातातल्या नकाशात दवाखान्याच्या जागी लगदा.

ती उठली. इस्त्रीतले निखारे फुंकून लाल केले, पिशवीतून नकाशा काढून पुन्हा अंथरला.

दोरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन चन्नवीर आत आला आणि नकाशावर वाकला. सगळा कागद चकचकीत, आणि लाल गोलाएवढाच तुकडा कोरडा.

"तेवढं राहिलं हुतं व्हय, अव्वा?"

तिनं गोलावर मूठभर कीस टाकला, खाकी कागद ठेवला आणि इस्त्री टेकवली.

"राहिलं नव्हतं," ती म्हणाली. "मी ठेवलं हुतं."