वाळवण

गच्चीवर मी कुरडया घालत होते. चीक अर्धा संपला होता, तेवढ्यात खालून जाऊबाई ओरडल्या, "अगं, विधानसभेनं फाउंड्रीच्या धुराचे नियम रद्द केले! आत्ताच बातम्यांत सांगितलं. उचल सगळं!"

नियम आले तेव्हापासून, तीन वर्षं, आमच्या गच्चीवर काजळी पडली नव्हती. त्याआधी कुरडया घालायला मी माहेरी जायची. आता ओल्या कुरडया उचलायच्या तरी कशा? फाउंड्रीच्या चिमणीला शिव्या घालत तिथंच बसून राहिले. दुपार टळली, तरी काळं काही पडलं नाही.

संध्याकाळी तडक फाउंड्रीच्या गेटवर गेले. धूर गाळायचं यंत्र सांभाळणारे इंगवलेमामा बाहेर आले.

"मालकांना म्हटलं, नियम गेला खरा, पण बायकांचं वाळवण गच्चीवर पडलंय. ते म्हणाले, वाळवण उचलेपर्यंत यंत्र चालू ठेवा."

रस्त्यातच वाकून मामांच्या पाया पडले.

घरी आल्या आल्या जाऊबाईंना म्हटलं, "गल्लीत सगळ्यांना सांगा. कुरडया झाल्या की पापड, मग सांडगे, मग मिरच्या. गच्ची रिकामी दिसता कामा नये."